गच्चीवरचा पॅकेज एसी: अकोला-अमरावतीच्या उन्हात तो कसा बसवायचा आणि काम कुठे फसते?

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झाले. कारण दंगल नव्हते, ऊन होते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी २५ ते ३१ मे या काळासाठी हा आदेश काढला. कामगारांसाठी पिण्याचे पाणी आणि पंख्याची सोय करण्याची जबाबदारी आस्थापनांवर टाकली गेली. खासगी शिकवण्यांना वर्ग सकाळी १० पर्यंत आणि संध्याकाळी ५ नंतर घ्यायला सांगितले गेले. त्याआधी मे २०२० मध्ये अकोल्याने ४७ अंशांची रेषाही ओलांडली होती.

अशा शहरांत कोचिंग क्लास, कापडाचे शोरूम, दवाखाना, मंगल कार्यालय किंवा बँकेची शाखा चालवायची तर थंड हवा ही चैन उरत नाही. म्हणूनच अकोला आणि अमरावतीत अनेक इमारतींच्या गच्चीवर मोठ्या लोखंडी पेट्या आणि त्यातून निघणारे चौकोनी डक्ट दिसू लागले आहेत. या पेटीला रूफटॉप पॅकेज युनिट म्हणतात. बोलीभाषेत गच्चीवरचा पॅकेज एसी. ती बसवणे हे घरच्या स्प्लिट एसीसारखे दोन तासांचे काम नाही. बांधकाम, वीज, पत्राकाम आणि गॅसचे काम, अशी चार कामे त्यात एकत्र येतात. यातले एक जरी बिघडले तरी लाखोंचे यंत्र ऐन नवतपात बंद पडते.

पॅकेज एसी म्हणजे नेमके काय?

घरच्या स्प्लिट एसीचे दोन भाग असतात. गार हवा देणारा भाग खोलीत आणि उष्णता बाहेर टाकणारा भाग भिंतीबाहेर. दोन्हींना जोडणारी तांब्याची नळी जागेवर बसवली जाते.

रूफटॉप पॅकेजमध्ये कॉम्प्रेसर, गरम कॉइल, गार कॉइल, दोन्हींचे पंखे, फिल्टर आणि कंट्रोल पॅनल हे सगळे एकाच पेटीत असते. गॅस कारखान्यातच भरून येतो. जागेवर तीनच जोडण्या कराव्या लागतात: हवेचा डक्ट, विजेची केबल आणि पाण्याचा निचरा.

आपल्याकडे जास्त दिसणारा डक्टेबल स्प्लिट याच्यापेक्षा थोडा वेगळा आहे. त्यात पंखा आणि गार कॉइल फॉल्स सिलिंगच्या वर लपवतात आणि कॉम्प्रेसरचा भाग गच्चीवर ठेवतात. त्याला छतावर जड पेटी लागत नाही, पण लांब तांब्याच्या नळ्या आणि आत दुरुस्तीसाठी जागा लागते. दुरुस्तीच्या वेळी गिऱ्हाइकांच्या डोक्यावरचे सिलिंग उघडावे लागते. रूफटॉप युनिटची सगळी दुरुस्ती गच्चीवर होते आणि दुकान चालू राहते. छतालगतच्या एका मोठ्या हॉलसाठी ही पद्धत सोयीची आहे. चार मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर डक्ट उतरवायचा असेल तर मात्र ती तितकी सोयीची राहत नाही.

कूलर असताना हा खर्च कशाला?

वऱ्हाडात हा प्रश्न रास्त आहे. कारण इथला उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो.

हिशेब असा. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. हवेला पाणी पाजून गाठता येणारी ही शेवटची पायरी. चांगला कूलर त्या दिशेने ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे साधारण २७ ते २८ अंशांची हवा देतो. मे महिन्यात यापेक्षा स्वस्त गारवा दुसरा नाही.

जूनच्या अखेरीस चित्र उलटते. तापमान ३६ वर आले तरी आर्द्रता ६० टक्के झालेली असते. आता तोच तापमापक २९ दाखवतो आणि कूलरची हवा ३० अंशांच्या खाली उतरत नाही, वर चिकट होते ती वेगळी. शंभर मुले बसलेल्या वर्गात त्या हवेत घाम वाळत नाही. कापडाच्या दुकानात ओल येते. दवाखान्यात तर ओलसर हवा चालतच नाही.

दुसरे कारण पाण्याचे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या भूजलात क्षार जास्त. कूलरच्या जाळ्या काही आठवड्यांत पांढऱ्या पडतात, त्या यामुळेच. मोठ्या एसीमध्ये पाण्याने थंड होणारी यंत्रणा विजेची बचत करते, पण तिला रोज भरपूर आणि चांगले पाणी लागते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ते परवडत नाही, आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याने नळ्यांत चुनखडीचा थर बसतो. म्हणून इथे हवेने थंड होणारे पॅकेज युनिट हाच व्यवहार्य पर्याय ठरतो.

कॅटलॉगमधले ३५ अंश आणि अकोल्याचे ४६ अंश

यंत्रावर लिहिलेली क्षमता कोणत्या तापमानाला मोजली आहे, हे खरेदीच्या वेळी फार थोडे लोक विचारतात.

एसीची क्षमता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात हवामानाचे तीन वर्ग आहेत. टी-१ वर्गात बाहेरचे तापमान ३५ अंश धरतात. टी-३ हा उष्ण प्रदेशांचा वर्ग, त्यात ४६ अंश धरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांचा जाहिरातीतला आकडा ३५ अंशांचा असतो.

बाहेरचे तापमान ३५ वरून ४६ वर गेले की यंत्राची थंड करण्याची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, आणि वीज मात्र वीस-तीस टक्क्यांनी जास्त लागते. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच यंत्र सर्वांत दुबळे असते. त्यात भर गच्चीची. तापलेल्या काँक्रीटजवळची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा काही अंशांनी जास्त गरम असते.

इथे गॅसचाही संबंध येतो. प्रत्येक गॅसला एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. जुन्या आर-२२ साठी ते सुमारे ९६ अंश, आर-३२ साठी ७८ आणि आर-४१०ए साठी ७१ अंश आहे. गच्चीवर ४८ अंश असताना कॉइलच्या आत गॅस ६२ ते ६५ अंशांना द्रव होत असतो. आर-४१०ए त्या वेळी आपल्या मर्यादेच्या जवळ काम करत असतो, म्हणून उन्हात त्याची ताकद जास्त झपाट्याने घसरते. आर-२२ चा हा गुण असला तरी तो ओझोन थराला घातक आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून या वर्गातल्या गॅसवर नवी यंत्रे बनवायला मनाई आहे. स्वस्तात मिळणारे जुने आर-२२ चे युनिट घेणे म्हणजे पुढच्या काळात गॅससाठी वणवण करणे.

थोडक्यात, विक्रेत्याकडून ४६ अंशांचा क्षमता-तक्ता लेखी घ्यावा. तसेच किती तापमानाला यंत्र जास्त दाबामुळे आपोआप बंद पडते, हेही विचारावे.

किती टनाचा लागेल?

एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. २४ तासांत एक अमेरिकी टन बर्फ वितळायला जितकी उष्णता लागते, त्यावरून हे माप आले.

बाजारात 'दीडशे चौरस फुटाला एक टन' असा ठोकताळा चालतो. त्यात माणसे किती, छत उघडे आहे की वर मजला आहे, हे विचारलेच जात नाही. एक उदाहरण घेऊ. सर्वांत वरच्या मजल्यावरचा १५०० चौरस फुटांचा वर्ग, १०० विद्यार्थी, वर थेट गच्ची. मे महिन्यातला भार साधारण असा येईल:

- विद्यार्थ्यांच्या शरीराची उष्णता: ३.३ टन
- बाहेरून घ्यायची ताजी हवा: २ ते २.५ टन
- तापलेला उघडा स्लॅब: २.५ टन
- भिंती आणि खिडक्या: १.५ टन
- दिवे, प्रोजेक्टर आणि एसीचा स्वतःचा पंखा: १ टन

बेरीज होते सुमारे १०.३ ते १०.८ टन. उन्हातली दहा टक्के घट धरली तर कॅटलॉगमध्ये १२ ते साडेबारा टनांचे यंत्र लागते. ठोकताळा दहा टनच सांगेल, आणि वर्गात तीसच मुले असतील तरीही दहाच सांगेल.

या यादीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, स्लॅबवर चांगले इन्सुलेशन आणि वर पांढरा परावर्तक लेप दिला तर अडीच टनांचा भार अर्ध्या टनाच्या आसपास येतो. दोन टनांचे यंत्र आणि त्याची दर महिन्याची वीज कायमची वाचते. म्हणून पैसे आधी स्लॅबवर खर्च करावेत, मग टनावर.

दुसरी गोष्ट ताज्या हवेची. ४३ अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा जुलैतली ३२ अंशांची दमट हवा थंड करायला दुपटीहून जास्त ताकद लागते, कारण तिच्यातली वाफ पाण्यात बदलावी लागते. त्यामुळे खरा हिशेब मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांचा करावा लागतो. ताजी हवा बंद करून वीज वाचवण्याचा मोह टाळावा. शंभर मुलांच्या बंद वर्गात तासाभरात कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोके जड होते आणि जांभया सुरू होतात.

'असू द्या मोठाच' हाही उपाय नव्हे. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली पटकन गार करून बंद पडते, पुन्हा सुरू होते. ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि वारंवार चालू-बंद होऊन कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते.

गच्ची वजन पेलते का?

साडेबारा टनांच्या रूफटॉप युनिटचे वजन कंपनीनुसार साधारण ६०० ते ८०० किलो असते. भारतीय मानकानुसार ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापरभार धरून आखतात. यंत्राची बैठक तीन-साडेतीन चौरस मीटरची असेल तर दर चौरस मीटरला २०० किलोच्या वर भार येतो. वर कॉम्प्रेसरची थरथर आणि दुरुस्तीला चढलेली माणसे.

म्हणून यंत्र स्लॅबच्या मधोमध कधीच ठेवायचे नसते. आय-सेक्शन किंवा चॅनलची लोखंडी चौकट करून तिचे पाय खालच्या बीम-कॉलमवर टेकवतात. वजन स्लॅबवरून न जाता थेट कॉलममधून पायात उतरते. शेजारी पाण्याची टाकी असेल तर तिचाही हिशेब धरावा लागतो, कारण हजार लिटरची टाकी भरली की तीच एक टन होते. जुन्या पेठांतल्या लोडबेअरिंग इमारती आणि लाकडी तुळयांची छते यांवर असे यंत्र ठेवूच नये. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी दाखला हा या कामातला सर्वांत स्वस्त कागद आहे.

चौकट आणि यंत्र यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबरी पॅड हवेतच. नाहीतर घरघर थेट वर्गात उतरते. मे-जूनमधल्या वादळवाऱ्याचा जोर लक्षात घेऊन यंत्र बोल्टने पक्के करावे लागते.

यंत्र वर चढवताना

क्रेन लावायचा दिवस आणि वेळ आधी ठरवावी. पहाटेची वेळ सर्वांत चांगली: रस्ता मोकळा, वारा कमी, ऊन नाही. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यांवर विजेच्या तारा हा मोठा धोका असतो. तारा जवळ असतील तर महावितरणकडे अर्ज करून तेवढा वेळ पुरवठा बंद करून घ्यावा. अंदाजाने बूम फिरवू नये.

यंत्र उभेच उचलायचे, आडवे करायचे नाही. पट्टे कंपनीने दिलेल्या कड्यांतूनच घालायचे आणि वर आडवी दांडी लावायची, म्हणजे पट्टे पेटीच्या बाजू दाबत नाहीत. खाली कोणी उभे राहू नये.

जागा निवडताना होणारी मोठी चूक

वऱ्हाडात यंत्राला ऊन लागू नये म्हणून वर टिनाचे छप्पर टाकण्याची सवय आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा. रूफटॉप युनिटचा पंखा गरम हवा वर फेकतो. डोक्यावर पत्रा असला की ती हवा आपटून खाली येते आणि यंत्र तीच पुन्हा ओढते. मग बाहेर ४५ अंश असले तरी यंत्राला पन्नासच्या वर अंशांची हवा मिळते आणि ते भर दुपारी जास्त दाबाने बंद पडते.

वरची बाजू पूर्ण मोकळी हवी. कॉइलच्या बाजूंना कंपनीने सांगितलेले अंतर सोडायला हवे, साधारण एक ते दीड मीटर. दोन युनिटे समोरासमोर ठेवून एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जाऊ देऊ नये. ताज्या हवेचे तोंड संडासाच्या पाइपापासून, स्वयंपाकघराच्या चिमणीपासून आणि जनरेटरच्या धुरापासून दूर असावे. गारपिटीपासून कॉइलच्या पात्या वाचवायला बाजूला जाळी लावावी.

स्लॅबमधले भोक आणि पावसाळा

डक्ट खाली उतरवायला स्लॅब कापावा लागतो. बीममधून कधीच कापायचे नाही. कापायच्या जागी सळया कुठे आहेत ते आधी पाहून, कडेला मजबुती देऊन, कोअर कटिंग यंत्राने काम करावे. घणाने फोडले तर बारीक तडे दूरवर जातात आणि पुढच्या पावसात तिथून पाणी झिरपते.

भोकाच्या चारी बाजूंनी फूटभर उंच कठडा उभा करून त्यावर वॉटरप्रूफिंग चढवायचे, आणि त्यावर डक्टची झालर बसवायची. बुडात पाणी साचणार नाही असा उतार ठेवायचा. हे सगळे मृगाच्या आधी पूर्ण व्हायला हवे. शेवटी गच्चीवर पाणी सोडून एक दिवस तपासावे.

डक्ट: अर्धा गारवा इथेच हरवतो

दर टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. साडेबारा टनांच्या यंत्राला ५००० घनफूट. डक्ट लहान केला तर हवा शिट्टी मारते आणि पंख्यावर ताण येतो. हवा कमी पडली तर गार कॉइलवर बर्फ जमतो.

गच्चीवरचा डक्ट उन्हात भाजतो. आत १४ अंशांची हवा आणि बाहेर ४५ अंश, म्हणजे तीस अंशांहून जास्त फरक. म्हणून बाहेरच्या डक्टला जाड इन्सुलेशन, त्यावर वाफ न शिरणारा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवावा लागतो. नुसती चंदेरी पट्टी दोन उन्हाळ्यांत सुटते. सांधे सीलंटने बंद करावेत. यंत्र आणि डक्ट यांच्यात कॅनव्हासचा तुकडा हवा, म्हणजे थरथर पुढे जात नाही.

परतीच्या हवेचा मार्ग बहुतेक वेळा विसरला जातो. आत गेलेली हवा परत यायला तेवढीच मोकळी वाट हवी.

निचऱ्याचा वऱ्हाडी गोंधळ

गार कॉइलवरचे पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपाला इंग्रजी यू अक्षरासारखा वाक, म्हणजे ट्रॅप, लागतो. पंखा आतून हवा ओढत असतो. ट्रॅप नसेल तर पाइपातून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि पाणी ताटलीत अडकते.

वऱ्हाडात यात एक वेगळी अडचण येते. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पाणी फारसे निघतच नाही. ट्रॅप वाळतो आणि त्यातून गरम हवा व धूळ आत जाते. जूनअखेर आर्द्रता वाढली की अचानक भरपूर पाणी सुटते, पाइपात धुळीचा चिखल झालेला असतो आणि पाणी सिलिंगमधून टपकते. उपाय साधा आहे. उन्हाळ्यात अधूनमधून ट्रॅपमध्ये पाणी ओतावे आणि पहिल्या पावसाआधी पाइप धुऊन काढावा.

वीज: इथे चूक झाली तर आग

साडेबारा टनांचे यंत्र ऐन उन्हात १८ किलोवॅटच्या आसपास वीज घेऊ शकते, म्हणजे थ्री-फेजवर सुमारे ३० ॲम्पिअर. दुकानाचा बाकी भार मिळवला की महावितरणच्या वाणिज्यिक जोडणीतली २० किलोवॅटची रेषा ओलांडली जाते. तिथून वेगळा दर-गट आणि मागणी आकार लागू होतो. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज यंत्र येण्याआधी करावा.

केबलच्या बाबतीत पुन्हा उन्हाचा प्रश्न येतो. आपल्याकडे केबलची क्षमता हवेचे तापमान ४० अंश धरून दिलेली असते. गच्चीवर ते पन्नास होते, म्हणून एक माप जाड केबल घ्यावी आणि ती झाकलेल्या ट्रेमधून न्यावी.

शिवाय हे हवेच:

- यंत्राच्या हाताशी स्वतंत्र आयसोलेटर, म्हणजे दुरुस्ती करणारा खाली न उतरता वीज तोडू शकतो
- दोन स्वतंत्र अर्थिंग. खडकाळ किंवा कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून तपासणी मे महिन्यात करावी
- एक फेज गेला तर यंत्र बंद करणारा रिले
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलात आग लागून २२ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक वरच्या मजल्यावरच्या वर्गातले विद्यार्थी होते. एसीच्या बाहेरच्या भागाजवळ शॉर्टसर्किट झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. पण जीव गेले ते जिना एकच होता, वरचे बांधकाम पेट घेणारे होते आणि सुटकेची वाट उरली नाही म्हणून. गच्चीवर यंत्र बसवताना जिन्याचे दार, येण्या-जाण्याची वाट आणि पाण्याची टाकी मोकळी राहिली पाहिजे. गच्चीवर ज्वलनशील सामान, जुने टायर, थर्माकोल ठेवू नये. आगीचा इशारा मिळताच यंत्राचा पंखा बंद होईल अशी जोडणी करावी, नाहीतर तोच पंखा धूर वर्गभर पसरवतो.

चालू करण्याचा दिवस

यंत्र गार हवा देते म्हणजे काम झाले, असे नाही. ठेकेदाराने पुढच्या नोंदी करून सही द्यायला हवी:

- फेजचा क्रम. तो उलटा असेल तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, आवाज करतो आणि खराब होतो
- तिन्ही फेजचा व्होल्टेज आणि करंट
- गॅसचे दोन्ही बाजूंचे दाब आणि तापमान
- आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक, साधारण ८ ते ११ अंश
- प्रत्येक ग्रिलमधून येणारी हवा, आणि त्यानुसार डॅम्परची जुळणी
- निचऱ्याची पाणी ओतून चाचणी

ही पाहणी जानेवारीच्या थंडीत करून उपयोग नाही. एकदा एप्रिल-मेच्या दुपारी पुन्हा करावी, आणि तशी अट कराराच्या कागदात घालावी.

वर काम करणाऱ्यांचे काय?

एसीची मागणी उन्हाळ्यात वाढते, म्हणून ते बसवणारी माणसे सर्वांत वाईट ऊन असतानाच गच्चीवर असतात. तापलेला पत्रा हात भाजतो, शेजारी वेल्डिंग चालू असते आणि कठड्याची उंची अनेकदा गुडघ्याएवढीच असते.

काम सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत थांबवणे आणि संध्याकाळी पुन्हा घेणे हा साधा नियम आहे. वर सावलीची कनात, पिण्याचे पाणी, ओआरएस आणि कठड्याजवळ कमरेचा पट्टा ही जबाबदारी काम देणाऱ्याचीही आहे. एकट्या माणसाला वर सोडू नये. चक्कर, बडबड, घाम थांबणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला सावलीत आणून, अंगावर पाणी मारून, लगेच दवाखान्यात न्यावे. सर्वांत शहाणपणाचे म्हणजे हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकणे. तेव्हा क्रेन, कारागीर आणि यंत्र, तिन्ही सहज मिळतात.

रुई, धूळ आणि देखभाल

वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतात आणि हवेत रुईचे तंतू उडतात. ते कॉइलच्या पात्यांत अडकतात, त्यावर मार्च-एप्रिलची धूळ बसते आणि गोधडीसारखा थर तयार होतो. यंत्र मेमध्ये बंद पडते त्यामागे पुष्कळदा हेच असते. जिनिंगचा हंगाम संपला की मार्चमध्ये कॉइल कमी दाबाच्या, शक्यतो गोड्या पाण्याने धुवावी. खारे पाणी वापरले तर पात्यांवर क्षार बसतात. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा.

कोटेशन हातात आल्यावर विचारायचे प्रश्न

१. ४६ अंशांना या यंत्राची क्षमता किती आणि वीज किती लागेल?
२. उष्णतेचा हिशेब लेखी आहे का? त्यात माणसे, स्लॅब आणि ताजी हवा धरली आहे का?
३. लोखंडी चौकट, क्रेन, स्लॅब कापणे, वॉटरप्रूफिंग, केबल आणि अर्थिंग यात धरले आहे, की नंतर वेगळे लावणार?
४. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला कोण आणणार?
५. गॅस कोणता? सुटे भाग आणि कारागीर अकोला-अमरावतीत आहेत, की नागपूरहून येणार?
६. मे महिन्यातली चाचणी कोण करून देणार?

सर्वांत कमी दराच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नातल्याच गोष्टी गाळलेल्या असतात. दोन कोटेशनांची तुलना यंत्राच्या किमतीवर न करता या सहा उत्तरांवर केली, तर कोणते खरोखर स्वस्त आहे ते कळते.